कुशाग्र बालवाचकांसाठी ग्रंथनिवड

(हातकणंगले येथे तालुक्यातील ग्रंथालय-सेवक, शिक्षक आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वारणा आणि पंचगंगा यांच्या काठचा हा हातकणंगले तालुका ऊस, यंत्रमाग आणि चांदी यांसाठी ओळखला जातो. परंतु या तालुक्याचे पुस्तकांशी असलेले नातेही तितकेच जुने आहे, याची आठवण तालुक्यातल्याच माणसांना करून द्यावी लागते. इचलकरंजीचे आपटे वाचन मंदिर १८७० सालचे. कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर त्याहूनही वीस वर्षांनी वडील, म्हणजे १८५० चे. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी कायदा करण्याचा मान देशात प्रथम मिळवला तोही कोल्हापूर संस्थानाने, १९४५ साली. महाराष्ट्र राज्याचा ग्रंथालय कायदा त्यानंतर बावीस वर्षांनी, १९६७ मध्ये झाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म याच तालुक्यातील कुंभोजचा. ग्रामीण कथेला स्वतःचा आवाज देणारे शंकर पाटील पट्टणकोडोलीचे. आणि ज्यांच्या आडनावातच या गावाचे नाव आहे ते समीक्षक म. द. हातकणंगलेकर २००८ साली सांगलीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ही नावे अभिमानासाठी सांगितलेली नाहीत. ज्या घरांत पुस्तकांचे कपाट नव्हते अशा घरांतूनही वाचणारी मुले या भागात निपजत आली आहेत आणि त्यांच्या हाती कोणीतरी, केव्हातरी, योग्य वेळी एखादे पुस्तक ठेवले आहे, एवढेच त्यातून घ्यावयाचे आहे.

ते ‘कोणीतरी’ कोण आणि त्याने कोणते पुस्तक ठेवावे, हा आजचा विषय.

कुशाग्र मूल ओळखण्याची आपली रीत प्रथम तपासून पाहिली पाहिजे. शिष्यवृत्ती परीक्षेत जो वर आला तो हुशार, ही आपली सोपी व्याख्या. कोल्हापूर जिल्ह्यात या परीक्षेचे वेड मोठे आहे आणि त्यात वावगे काही नाही. चिकाटी आणि शिस्त यांचे मोल कमी नव्हे. परंतु गुणपत्रिकेत जे उमटते ते सर्व कुशाग्रपणाचे लक्षण असते असे नाही; आणि जे कुशाग्र असते ते सर्व गुणपत्रिकेत उमटतेच असेही नाही. वाचणारे चलाख मूल बऱ्याचदा निराळ्याच खुणांनी ओळखू येते. ते किराणा मालाच्या पुडीचा कागद उलगडून वाचते. गोष्ट संपली की ‘मग पुढे काय झाले?’ असे न विचारता ‘हे असे कसे झाले?’ असे विचारते. पाठ्यपुस्तकातील चूक दाखवते आणि त्याबद्दल कधी कधी बोलणी खाते. एकच पुस्तक तीनदा नेते. एखाद्या विषयाचा ध्यास घेऊन महिनाभर दुसरे काही हातात धरत नाही. वर्गात ते पुष्कळदा पहिल्या बाकावर नसते. आपला पाठ दहा मिनिटांत वाचून संपल्यामुळे उरलेला वेळ शेजाऱ्याला त्रास देण्यात घालवते. असे मूल शिक्षकाला ‘व्रात्य’ वाटते, ग्रंथपालाला ‘पुस्तके सारखी बदलून नेणारे’ वाटते आणि घरच्यांना ‘नुसते वाचत बसणारे’ वाटते. तिघांनाही ते थोडे अडचणीचेच वाटते, आणि येथूनच त्याचे दुर्दैव सुरू होण्याचा संभव असतो.

कल्पनेने एक मुलगी डोळ्यांपुढे आणावी. इयत्ता पाचवी. वडील इचलकरंजीत यंत्रमागावर, रात्रपाळी. घरात दिनदर्शिका, देवाची पोथी आणि भावाचे गाइड एवढाच छापील मजकूर. शाळेच्या पेटीतील इसापनीती तिने वाचली, बिरबल वाचला, तेनालीराम वाचला. गावच्या वाचनालयात गेली, तेव्हा तिला दुसऱ्या प्रकाशकाचा बिरबल मिळाला. तोही वाचला. त्यानंतर अकबर-बिरबलाच्या निवडक चातुर्यकथा मिळाल्या. चौथ्या खेपेस ती आली नाही. वाचनालयाच्या नोंदवहीत ‘मुले वाचत नाहीत’ असा निष्कर्ष निघाला. वास्तविक मूल वाचत होते. कपाटच पुढे सरकत नव्हते.

इसापाविरुद्ध कोणाचेही गाऱ्हाणे नसावे. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये इसाप मराठीत छापला, त्याला आता दोनशे वर्षे होत आली. त्याच वर्षी त्यांचे ‘बाळमित्र’ आले. पुढे विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ पासून ‘बालबोध’ मासिक चालवले, वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’ काढले. या लोकांनी मुलांना आपापल्या काळातील नवे ज्ञान दिले. विज्ञान दिले, चरित्रे दिली, प्रवास दिला. दोनशे वर्षांपूर्वी जो पहिला घास होता तोच आजही पहिला आणि शेवटचाही घास राहावा, ही त्यांची इच्छा खचित नव्हती. आज बालविभागाच्या कपाटात चातुर्यकथा, बोधकथा आणि थोरांच्या गोष्टी यांची एवढी गर्दी का होते, याचे कारण साधे आहे. ही पुस्तके स्वस्त असतात, संचात मिळतात, कोणाचा आक्षेप येत नाही आणि खरेदी एका दिवसात उरकते.

या तालुक्याच्या भूमीवर ग्रंथनिवडीचे सर्वांत मोठे उदाहरण स्मरावे असा योग आहे. दि. २१ व २२ मार्च १९२० रोजी माणगाव येथे जी परिषद भरली तिचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. राजर्षी शाहू महाराज त्या परिषदेस जातीने उपस्थित राहिले आणि या तरुणात तुम्हांला तुमचा पुढारी मिळाला आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. त्या वेळी बाबासाहेबांचे वय होते अठ्ठावीस. परंतु माणगावची ही वाट सुरू होते त्याआधी बरीच वर्षे, मुंबईत. चरित्रकार धनंजय कीर सांगतात की चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा रोज वाचत बसलेला कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांना दिसे. त्यांनी चौकशी केली आणि त्यास पुस्तके देण्यास आरंभ केला.

पुढचा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवला आहे, आणि तो प्रत्येक पालकाने लक्ष देऊन वाचावा असा आहे. इंग्रजी चौथीची परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल वस्तीतील लोकांना मुलाचा सत्कार करावयाचा होता. वडिलांनी, सुभेदार रामजींनी, साफ नकार दिला. मुलगा एक परीक्षा तर पास झाला आहे. अशाने पोराच्या डोक्यात हवा जाईल, हे त्यांचे म्हणणे. लोकांनी मग रामजींचे स्नेही केळुसकर यांना मध्ये घातले. थोडी वादावादी झाली, वडील नमले, सभा झाली, केळुसकर अध्यक्ष झाले आणि भाषणाअखेर त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र मुलाच्या हाती दिले. त्या पुस्तकाने मुलाच्या मनात काय पेरले, ते सांगण्याची आवश्यकता नाही.

यातील तीन गोष्टी मात्र नजरेआड होऊ देऊ नयेत. पहिली अशी की केळुसकरांनी मुलांसाठी लिहिलेले पुस्तक दिले नाही. त्यांनी मोठ्यांसाठी लिहिलेले चरित्र दिले आणि मुलाच्या बुद्धीवर भरवसा टाकला. दुसरी अशी की घरात वाचन आधीच होते. सुभेदार रामजी मुलांकडून रामायण-महाभारताचे वाचन नेमाने करवून घेत, आणि हा मुलगा वडिलांना उलट प्रश्न विचारी की हेच ग्रंथ का वाचावयाचे? वडील रागावून गप्प बसवीत नसत. आपल्या परीने उत्तर देत. मुलाचे त्या उत्तराने समाधान होत नसे, हा भाग वेगळा. तिसरी गोष्ट म्हणजे नवे पुस्तक या प्रश्नाच्या जागी येऊन बसले. ज्या मुलाच्या मनात ‘हेच का?’ असा प्रश्न खदखदत होता त्यास दुसरी वाट दाखवणारे पुस्तक मिळाले. पुस्तक उत्तम असणे एवढे पुरत नाही. ते त्या मुलाच्या त्या वेळच्या प्रश्नाला भिडले पाहिजे, आणि त्यासाठी तो प्रश्न कोणता हे देणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. बागेत रोज भेट झाल्याशिवाय ते कसे कळणार?

कोल्हापुरातच १९३८ साली जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर यांचे बालपण बनारसला गेले. वडील तेथील हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. घरातील भिंतीवर मुलांसाठी फळे लावलेले होते. मामा मोरेश्वर हुजूरबाजार शिकावयास त्यांच्याकडे राहत, आणि ते फळ्यावर भाच्यासाठी आव्हान म्हणून एखादे गणित लिहून ठेवीत. ते सुटेपर्यंत अगर भाच्याने हार मानेपर्यंत पुसावयाचे नाही, असा संकेत. यात शिकवणी नाही, परीक्षा नाही, बक्षीसही नाही. उत्तर लगेच सांगण्याची घाईही नाही. सर्व घरांत गणिती मामा नसतो हे खरे. परंतु चांगले पुस्तक पुष्कळदा अशा मामाचे काम करते, जर ते सर्वच सांगून मोकळे होणारे नसेल तर.

रामानुजन यांचे उदाहरण याच मुद्द्याशी जोडलेले आहे. १९०३ च्या सुमारास, वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी, कुंभकोणमच्या या विद्यार्थ्याच्या हाती कार नावाच्या इंग्रज लेखकाचे एक जाडजूड पुस्तक आले. त्यात गणिताचे हजारो सिद्धांत ओळीने मांडलेले होते, सिद्धता मात्र त्रोटक किंवा नाहीच. एखाद्या तज्ज्ञ समितीने ते पुस्तक नापास केले असते, आणि सामान्य विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो निर्णय बरोबरही ठरला असता. रामानुजन यांना मात्र त्या गाळलेल्या जागांनीच कामाला लावले.

तेव्हा निवडीची पहिली कसोटी अशी सांगता येईल: पुस्तक वाचकासाठी काही काम शिल्लक ठेवते काय? गोष्टीच्या अखेरीस ‘तात्पर्य’ छापलेले असेल तर विचार करण्याचे काम लेखकाने स्वतःच उरकून टाकले आहे. विज्ञानाच्या पुस्तकात नुसती माहिती असेल आणि ‘हे कसे शोधून काढले’ त्याचा मागमूस नसेल, तर ती पाठांतराची वही आहे. चरित्रात नायक जन्मतःच थोर असेल, त्यास एकही चूक करता येत नसेल, तर चलाख मुलाचा त्यावर विश्वास बसत नाही. किंवा बसला तर आपण असे नाही म्हणून ते खंतावते. ज्या चरित्रात अपयश आहे, कर्ज आहे, भांडण आहे, बदललेले मत आहे, ते चरित्र द्यावे.

भाषेविषयी आपला एक गैरसमज दृढ आहे. मुलांसाठी सोपे लिहावे, हे ठीक. परंतु सोपे म्हणजे पातळ नव्हे. विंदा करंदीकर यांच्या ‘राणीची बाग’, ‘एटू लोकांचा देश’ या बालकवितासंग्रहांत शब्द साधे आहेत, पण कल्पना उलटीपालटी करून पाहण्याची जी मोकळीक आहे ती मोठ्या वाचकालाही दमवते. माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेल्या ‘वाचू आनंदे’ या संचात बालगट आणि कुमारगट असे टप्पे आहेत. त्यात मराठीतील मान्यवर लेखकांचे मूळ उतारे आणि त्यांच्यासोबत उत्तम चित्रे अशी मांडणी आहे. शिक्षकाने एकदा तरी हा संच चाळावा, कारण एका मुलाची रुची नेमकी कोठे आहे हे शोधण्यास असा संग्रह फार उपयोगी पडतो. माडगूळकरांचा उतारा आवडला की ‘बनगरवाडी’कडे वळवता येते; निसर्गावरचा आवडला की दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ किंवा मारुती चितमपल्ली यांचे लेखन आहे. जी. ए. कुलकर्णी यांच्या कथा बारा वर्षांच्या मुलाच्या हाती देण्याची घाई करू नये, पण त्याच जी. एं.नी मुलांसाठी लिहिलेली ‘बखर बिम्मची’ आणि ‘मुग्धाची रंगीत गोष्ट’ ही पुस्तके बालविभागात असावयास हवीत. हातकणंगलेकर सरांच्या गावच्या कपाटात त्यांच्या या पत्रमित्राची मुलांची पुस्तके नसणे बरे दिसणार नाही.

येथे एका अवघड मुद्द्याचा विचार केला पाहिजे. कुशाग्र मुलाची बुद्धी आणि त्याचे मन ही एकाच वेगाने वाढत नाहीत. दहा वर्षांची मुलगी पंधरा वर्षांच्या मुलीचे पुस्तक सहज वाचते. शब्द अडत नाहीत, वाक्ये अडत नाहीत. परंतु तिची भीती, तिचे रडणे, तिची झोप दहा वर्षांचीच असते. केवळ वाचता येते म्हणून क्रौर्याने किंवा निराशेने भरलेले पुस्तक देणे योग्य नाही. उलटपक्षी ‘तुझ्या इयत्तेचे नाही’ म्हणून प्रत्येक जाड पुस्तक हातातून काढून घेणेही योग्य नाही. यावर एकच तोडगा संभवतो, तो म्हणजे देणाऱ्याने ते पुस्तक स्वतः वाचलेले असणे. सर्व पुस्तके वाचणे ग्रंथपालास शक्य नाही. पण नव्याने आलेल्या प्रत्येक बालपुस्तकाची पहिली तीन, मधली तीन आणि शेवटची तीन पाने मोठ्याने वाचून पाहणे शक्य आहे. मोठ्याने वाचताना कृत्रिम वाक्य ताबडतोब अडखळते. ज्या पुस्तकाने मोठ्या माणसास नवव्या पानावर जांभई आली ते मुलास आवडेल अशी आशा करण्याचे कारण नाही.

संक्षिप्त आवृत्त्यांचे पीक फार माजले आहे. एखाद्या जगप्रसिद्ध कादंबरीचा साठ पानांत उरकलेला सांगाडा सामान्य वाचकास ओळख म्हणून चालेल. चलाख मुलाचे मात्र त्यात नुकसान होते. कारण कथानक कळल्यामुळे ‘ते मी वाचले आहे’ असे त्यास वाटते आणि मूळ कृतीकडे जाण्याची ओढ कायमची संपते. अनुवाद घेताना अनुवादकाचे नाव पाहावे. ज्यावर अनुवादकाचे नावच नाही ते पुस्तक बाजूला ठेवावे. भा. रा. भागवत यांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला तेव्हा मराठी मुलाच्या कानाला काय गोड लागेल याचे त्यांना पक्के भान होते. आणि पुढे त्यांनीच फुरसुंगीचा फास्टर फेणे निर्माण केला. अनुवाद करता करता स्वतःचा नायक घडवणारा लेखक हे मराठी बालसाहित्याचे भाग्यच म्हटले पाहिजे.

माहितीपर पुस्तकांची परीक्षा हुपरीच्या कारागिराने चांदीचा कस पाहावा तशी करावी, वरच्या झळाळीवर जाऊ नये. पुस्तक कधी छापले? आवृत्ती सुधारलेली आहे की जुन्याच मजकुराला नवे मुखपृष्ठ आहे? सूर्यमालेवरील पुस्तकात आजही नऊ ग्रह छापलेले असतील तर ते २००६ पूर्वीचे तरी आहे किंवा निष्काळजी तरी. शेवटी सूची आहे काय? आकृतीला नावे नीट दिली आहेत काय? चलाख मूल अशी चूक हुडकून काढते तेव्हा त्यास शाबासकी द्यावी आणि तीच चूक त्याच्याकडून पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहून घ्यावी. ग्रंथालयाच्या नियमात हे बसत नाही, याची जाणीव आहे. नियम थोडा वाकवावा.

तेरा-चौदाव्या वर्षी, मुलांचे कपाट अपुरे पडते आणि मोठ्यांचे अजून आपले वाटत नाही, तो काळ फार नाजूक असतो. अनेक चांगले वाचक याच उंबरठ्यावर गळतात. अशा वेळी मूळ साधनांची गोडी लावावी. ज्यास इतिहासाचे वेड आहे त्यास १८५७ वरचे आणखी एक शालेय पुस्तक देण्यापेक्षा विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ द्यावा. वरसईचा एक भिक्षुक द्रव्यार्जनासाठी उत्तरेत गेला आणि बंडाच्या धामधुमीत सापडला. त्याने डोळ्यांनी पाहिले ते लिहिले. पहिली दहा पाने जुन्या भाषेमुळे जड जातील; तेवढी शिक्षकाने बरोबर बसून वाचावी. ज्या मुलीस महाभारताच्या कथा पाठ आहेत तिला इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ द्यावे, म्हणजे कथा सांगणे निराळे आणि कथेला प्रश्न विचारणे निराळे हे तिला उमगेल. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हसत हसत वाचली जातात. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ शेजारच्या वारणाकाठचीच. शंकर पाटलांच्या कथांतील बोली तर घरचीच. आपण घरी बोलतो ती भाषा छापली जाऊ शकते, हा शोध ग्रामीण भागातील चलाख मुलासाठी फार मोठा असतो. विज्ञानाची ओढ असेल त्यास नारळीकरांच्या विज्ञानकथा आहेत आणि हाताने करून पाहण्यासाठी अरविंद गुप्ता यांची टाकाऊतून खेळणी बनवण्याची पुस्तके आहेत, ज्यांना काडेपेटी आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपलीकडे फारसे साहित्य लागत नाही.

पैशाचा प्रश्न निघणारच. लहान ग्रंथालयांचे अनुदान मर्यादित असते, त्यातून वीज, भाडे, वृत्तपत्रे आणि सेवकाचे मानधन. येथे दोन गोष्टी हाताशी आहेत. ‘बालभारती’ने १९७१ पासून चालवलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात. मराठीतील मान्यवर लेखक-चित्रकारांनी मुलांसाठी केलेले काम त्यात आहे. मराठी विश्वकोशही तसाच उपलब्ध आहे. मुलाने विचारलेल्या प्रश्नाला ‘नंतर सांगतो’ म्हणण्याऐवजी त्याच्यासमक्ष विश्वकोशातील नोंद उघडणे ही पाच मिनिटांची गोष्ट आहे. मोबाईलवर वाचताना बोट चित्रफितीकडे घसरते, हे खरे. म्हणून अशा वाचनाच्या वेळी शेजारी कोणी असावे. आणि एक चांगला शब्दकोश बालविभागात उघडा ठेवावा. शब्दकोश कथेसारखा वाचणारी मुले असतात. त्यांना हसू नये.

निवडलेले पुस्तक मुलापर्यंत पोचते काय, याचाही विचार याच ओघात केला पाहिजे. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, हे त्यांतील दोन. कपाटाला कुलूप आणि किल्ली अध्यक्षांच्या घरी, असे जेथे असेल तेथे हे दोन्ही सिद्धांत कुलपात जातात. अनामत रकमेची अट गरीब घराला जाचते. गाळप हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी येणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना तर रहिवासाचा दाखलाच नसतो. त्यांच्यातही दोन-चार असाधारण वाचक असणारच, आणि ते चार-पाच महिने आपल्या गावात असतात. त्यांच्यासाठी शाळेच्या शिक्षकाने हमी घ्यावी आणि ग्रंथालयाने ती मानावी. एखादे पुस्तक परत येणार नाही. ते बीडच्या एखाद्या तांड्यावर वाचले जाईल, एवढा तोटा सोसण्यास हरकत नसावी. यंत्रमागाच्या गावांत परप्रांतातून आलेल्या घरांची भाषा हिंदी, सीमेलगतच्या काही घरांची कन्नड. अशा मुलाला त्याच्या घरच्या भाषेतील चार पुस्तके मिळाली तर मराठी पुस्तकाकडेही ते निर्भयपणे येते.

मुलींचा प्रश्न वेगळा सांगावा लागतो. बहुतेक वाचनालयांचा बालविभाग सायंकाळी उघडतो. सहावी-सातवीपर्यंत मुली येतात. त्यानंतर अंधार पडल्यावर पाठवत नाहीत म्हणून त्यांचे येणे थांबते. हुशारी तीच, कपाट तेच, अडचण घड्याळाची. आठवड्यातून एक दिवस शाळा सुटताच वाचनालय उघडले आणि मुलींना एकाऐवजी तीन पुस्तके दिली, तर त्यास वेगळ्या अनुदानाची गरज नाही.

पुस्तक परत आले की ‘काय शिकलास?’ असे विचारण्याची सवय सोडावी. सारांश लिहून आणण्याची सक्ती तर मुळीच नको. चलाख मूल ही सक्ती फार लवकर ओळखते आणि मग सारांश लिहिण्यास सोपी म्हणून पातळ पुस्तके नेऊ लागते. ‘कोठे थांबलास?’, ‘काय पटले नाही?’, ‘कोणता भाग गाळून वाचलास?’ असे विचारले तर मूल बोलते. अर्धवट टाकलेले पुस्तक हा गुन्हा मानू नये. वाचक स्वतःची निवड करू लागल्याची ती खूण असते. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिका मुलाने मागितल्या तर द्याव्यात. पण त्यांची नोंद ‘वाचन’ या सदरात करू नये.

आता प्रत्यक्ष खरेदीविषयी. बहुतेक लहान ग्रंथालयांत ग्रंथखरेदीची बैठक मार्चअखेरीस, निधी परत जाऊ नये म्हणून, घाईत होते. विक्रेता यादी आणतो, यादीवर सही होते, आणि पुन्हा एकदा बिरबल गावात दाखल होतो. बालविभागापुरती तरी ही बैठक दिवाळीच्या सुट्टीत घ्यावी. दोन शिक्षक, एक पालक आणि सर्वाधिक पुस्तके नेणारी तीन मुले यांना बोलवावे. त्यापूर्वी दोन महिने दाराशी एक साधी वही दोरीने बांधून ठेवावी आणि मुलांनी आपल्याला काय हवे ते तीत लिहावे. पुस्तकाचे नाव ठाऊक नसेल तर नुसता प्रश्न लिहावा. विंचवाचे विष त्यालाच का लागत नाही, माणगावला महाराज का आले होते, रात्री माग बंद केला तर काय होते, असे काहीही. खरेदीस जाणाऱ्याने ती वही सोबत न्यावी आणि प्रकाशकाच्या यादीआधी ती उघडावी.